मधल्या आकाराची सेडान घेताय? नवी की वापरलेली, आधी हा हिशोब करा

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की साधारण वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडू येतं. सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेलं छत्र इथेच आहे. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी रामेश्वरला निघालेले यात्रेकरू तिथे उतरायचे, जेवायचे आणि पुढे चालू लागायचे. छत्राच्या दर्शनी भागात दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती आजही दिसतात. वाट तीच राहिली, वाहन मात्र बदललं. आता त्याच वाटेने आजी-आजोबा, दोन मुलं आणि सगळं सामान घेऊन कुटुंब स्वतःच्या गाडीतून जातं.

तुम्ही तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले असा, की बदली होऊन पुण्याहून इकडे आलेले, पाच माणसांसाठी गाडी घ्यायची ठरली की प्रश्न सारखेच पडतात. नवी घ्यावी की वापरलेली? कोणती? केवढं कर्ज काढावं? घरानंतर बहुतेक कुटुंबांचा सर्वांत मोठा खर्च हाच असतो, आणि तो चुकला तर पाच-सात वर्षं हप्त्यातून जाणवत राहतो. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी वही-पेन घेऊन बसा. ओरत्तनाडूसारख्या गावातलं एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आपण एकेक गोष्ट पाहू.

आधी तुमचे रस्ते लिहून काढा

मॉडेलचं नाव नंतर. आधी वर्षभरात गाडी कुठे कुठे जाणार ते लिहा. ओरत्तनाडूच्या कुटुंबाची यादी साधारण अशी होईल: आठवड्यातून दोनदा तंजावर, महिन्यातून एकदा तिरुच्चिराप्पळ्ळीचं विमानतळ किंवा मोठं हॉस्पिटल, अधूनमधून पट्टुकोट्टै, वर्षातून एकदा सुमारे दोनशे किलोमीटरवरचं रामेश्वर. लग्नकार्य निघालं तर पुणे, म्हणजे एका बाजूने हजार किलोमीटरहून जास्त.

या यादीतून बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. महामार्गावरचा प्रवास जास्त असेल आणि मागे तीन मोठी माणसं बसणार असतील तर मधल्या आकाराची सेडान शोभते. डिकी मोठी, गाडी जमिनीला धरून चालणारी, मागची सीट आरामाची. पण रोजचा रस्ता भातशेतीच्या बांधावरचा असेल, पावसात खड्डे पडत असतील, तर सेडानचं पोट घासण्याची शक्यता जास्त. अशा वेळी उंच गाडीचाही विचार करा. तुमच्या गरजेला जी गाडी बसते तीच तुमची. शेजाऱ्याने काय घेतलं याला महत्त्व नाही.

मधल्या आकाराची सेडान म्हणजे कोणती?

आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत मिळते. डिझायरसारख्या गाड्या त्या गटातल्या. मधल्या आकाराच्या सेडान साडेचार मीटरच्या आसपास लांब असतात. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही त्यातली आजची ठळक नावं. मारुती सियाझ २०१४ साली आली आणि २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती भरपूर दिसते.

डिकीच्या बाबतीत या पाचही गाड्या जवळपास सारख्या आहेत: सिटी ५०६ लिटर, सियाझ ५१०, स्लाव्हिया आणि व्हर्टस ५२१, व्हर्ना ५२८. दोन मोठ्या बॅगा, दोन लहान बॅगा आणि फळांची एक पिशवी आरामात बसते. सिटीची हायब्रिड घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बॅटरीमुळे तिच्या डिकीतली सुमारे दोनशे लिटर जागा कमी होते. अ‍ॅव्हरेज उत्तम मिळतं, पण रामेश्वरला जाताना एक बॅग मांडीवर येऊ शकते.

नव्या गाड्यांत या गटात आता डिझेल इंजिन मिळत नाही. सगळ्या पेट्रोलवर आहेत. कोणी डिझेल सेडान सुचवली तर ती वापरलेलीच असणार.

किमतीपेक्षा ऑन-रोड आकडा विचारा

जाहिरातीतली किंमत आणि गाडी दारात येईपर्यंतचा खर्च यांत मोठं अंतर असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के, आणि मधल्या आकाराच्या सेडानना ४० टक्के. आधी या सेडानवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के लागायचे, म्हणजे थोडा दिलासा आहेच. हा कर शोरूमच्या किमतीत धरलेला असतो.

रोड टॅक्स मात्र वेगळा भरावा लागतो, आणि तो राज्यागणिक बदलतो. तमिळनाडूत नोव्हेंबर २०२३ पासून ५ ते १० लाखांच्या गाडीला १३ टक्के आणि १० ते २० लाखांच्या गाडीला १८ टक्के आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. आता हिशोब करा. १२ लाखांच्या सेडानला पुण्यात १ लाख ४४ हजार रुपये रोड टॅक्स, तर तंजावरला २ लाख १६ हजार. फरक ७२ हजारांचा.

तमिळनाडूत १० लाखांची रेघ फार महत्त्वाची आहे. बरोबर १० लाखांच्या गाडीला १ लाख ३० हजार कर बसतो, तर १० लाख १० हजारांच्या गाडीला जवळजवळ १ लाख ८२ हजार. म्हणजे दहा हजारांची एखादी सोय तुम्हाला साठ हजारांना पडते. रेघेच्या आसपासचं मॉडेल असेल तर हा प्रश्न शोरूममध्ये मोकळेपणाने विचारा.

१० लाखांहून महाग गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएसही घेतो. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या नावावर जमा दिसतो. पावती जपून ठेवा.

पुण्याची गाडी घेऊन इकडे राहायला आला असाल तर आधीच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला घेऊन बारा महिन्यांच्या आत इथे नोंदणी करावी लागते. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा, असा तो क्रम असतो. केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असाल, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत, तर नवी गाडी घेताना २०२१ पासून सुरू झालेल्या 'बीएच' मालिकेचा नंबर मिळतो का, ते विचारा. दर बदलीला नोंदणी बदलण्याची कटकट वाचते.

नवी की वापरलेली? महिन्याचा खर्च काढा

समजा, नव्या सेडानची किंमत १२ लाख. रोड टॅक्स, विमा, नोंदणी धरून ती १५ लाखांना दारात आली. पाच वर्षांनी ती ६ लाखांना विकली, तर पाच वर्षांत ९ लाख उतरले. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी महिन्याला १५ हजार.

आता समजा, पाच वर्षं वापरलेली तीच गाडी ६ लाखांना घेतली. टायर, बॅटरी, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी लगेच ६० हजार घातले. पुढची पाच वर्षं दरवर्षी दुरुस्तीला २० हजार जास्त धरले. शेवटी ती २ लाख ६० हजारांना गेली. एकूण ५ लाख उतरले, म्हणजे महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास.

हे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. पण दिशा बहुतेक अशीच निघते. नव्या गाडीत मनाची शांती, वॉरंटी आणि नवी सुरक्षा मिळते. जुन्या गाडीत पैसा वाचतो, पण तपासणीची मेहनत तुम्हाला करावी लागते. मेहनत करायची तयारी नसेल तर जुनी गाडी घेऊ नका.

कर्जाचंही असंच. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ २ लाख. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९०० च्या आसपास उतरतो, पण व्याज २ लाख ८० हजारांवर जातं. हप्ता कमी दिसतो म्हणून मुदत वाढवू नका. पाच वर्षांत फिटत नसेल तर ती गाडी आपल्या आवाक्यातली नाही, असा साधा नियम घरात ठेवा.

नवी गाडी पाहताना सगळ्यांना घेऊन जा

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आजीला नऊवारी किंवा सहावारी नेसून मागच्या सीटवर बसायला आणि उठायला सांगा. सेडानची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच सर्वांत अवघड जातं. मागे तीन मोठी माणसं बसवा. मधल्या माणसाचे पाय उंचवट्यावर अवघडतात का, त्याला तीन बिंदूंचा बेल्ट आहे का, ते पाहा. मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे आणि तो आजी-आजोबांनाही लावायचा आहे. लहान मूल असेल तर मुलांची सीट पक्की बसवायच्या आयसोफिक्सच्या कड्या हाताने चाचपून पाहा.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी एक-दोनच्या उन्हात मागा. तंजावरच्या उन्हाळ्यात एसी मागच्या सीटपर्यंत किती वेळात पोहोचतो, हे सकाळी कळत नाही. पाचही जण बसलेले असताना एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून गाडी न्या. पोट घासतं का, ते तिथेच कळेल.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर कुठलं, ते विचारा. सिटीत सीव्हीटी आहे. गर्दीत गुळगुळीत चालते, पण जोरात दाबलं की इंजिनचा आवाज वाढतो. स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या एक लिटर इंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टर येतो, तो मजबूत आणि सरळ. दीड लिटर टर्बोबरोबर येणारा ड्युअल क्लच चपळ असतो, पण वॉरंटी संपल्यावर बिघडला तर खर्च मोठा. गाडी वर्षानुवर्षं ठेवायची असेल आणि गावापासून सर्व्हिस सेंटर दूर असेल, तर साधा पर्याय बरा. सर्व्हिस सेंटर तंजावरला आहे की तिरुच्चिराप्पळ्ळीला जावं लागेल, हे बुकिंगच्या आधी विचारा.

सुरक्षेचे तारे नीट वाचा

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एप्रिल २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टसला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या व्हर्नाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. पण तारे नावाला मिळत नाहीत, त्या पिढीच्या गाडीला मिळतात. मार्च २०२३ च्या आधीची व्हर्ना ही वेगळी गाडी. तिला नव्या व्हर्नाचे तारे लावू नका.

व्हेरियंटही बघा. २०२२ मधल्या स्लाव्हिया-व्हर्टसच्या खालच्या व्हेरियंटमध्ये दोनच एअरबॅग होत्या. वापरलेली गाडी घेताना 'सहा एअरबॅग आहेत' हे शब्द ऐकून थांबू नका. सीटच्या बाजूला आणि छताच्या कडेला लिहिलेली अक्षरं स्वतः वाचा. सनरूफ नसली तरी चालेल, एअरबॅग हव्यातच.

वापरलेली गाडी: सकाळी लवकर जा

मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन खरं बोलतं. चालू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर इंजिनात कूलंट शिरत असू शकतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर पुढे बोलू नका.

मग टायर. टायरवर चार आकडी तारीख असते. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणतात आणि टायर मात्र नुकतेच बदललेत, तर का ते विचारा. एका बाजूने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा अपघाताची खूण असतो. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, रंगाची छटा एकच आहे का, ते उन्हात पाहा. काचांवर कंपनीचा शिक्का असतो. एकच काच वेगळी असेल तर ती कधी फुटली, ते विचारा.

रिडिंग मागे फिरवणं आजही चालतं. चाळीस हजार किलोमीटर सांगितलेत आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकाकणारी, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या नोंदी मागा. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात.

पुरातली गाडी ओळखा

इकडच्या भागात हे विसरू नका. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत हजारो घरांत पाणी शिरलं, आणि १६ नोव्हेंबर २०१८ ला गजा चक्रीवादळाने या डेल्टा भागाला झोडपलं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. तिची वायरिंग वर्ष-दोन वर्षांनी दगा देते, कधी एअरबॅगही उघडत नाही.

ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते. स्टेपनीची जागा उघडा आणि कोपऱ्यांत गाळ चाचपा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची वाफ, कार्पेटला कुबट वास किंवा उलट नको इतका अत्तराचा घमघमाट, या सगळ्या खुणा आहेत. विम्याचा दावा कधी आणि कशासाठी केला, ते मालकाला स्पष्ट विचारा.

पेट्रोलबद्दलही एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी तयार केलेले असतात. त्याआधीची गाडी घेत असाल तर इंधनाच्या नळ्या, रबरी सील आणि पंप मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा.

शेवटी गाडी तुमच्या मेकॅनिककडे न्या, लिफ्टवर चढवा, स्कॅनर लावा. हजार-दोन हजार रुपये जातील. मालक किंवा एजंट गाडी न्यायला नाही म्हणत असेल, तर 'बरं' म्हणून घरी या.

कागद पूर्ण होईपर्यंत व्यवहार अर्धाच

आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. एम-परिवहनवर विमा, पीयूसी, दंड आणि कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आरसीवरून उतरवावा लागतो. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर पाहता येतं.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एकाच राज्यात असाल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. उलट तुमच्या आधीच्या गाडीचा बोनस असेल तर तो मागून घ्या.

तुम्ही स्वतःची जुनी गाडी विकत असाल तर अधिक सावध राहा. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. गाडी दोनदा-तीनदा हातोहात विकली गेली तरी नाव तुमचंच असेल तर नोटीस तुमच्या दारी येईल. म्हणून 'नाव नंतर करू' या शब्दावर किल्ली देऊ नका.

पैसे बँकेतूनच द्या-घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे. पावती किंवा करारपत्र तमिळमध्ये असेल आणि तुम्हाला नीट वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी जाणत्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. त्यात गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असू द्या. त्याआधीचे दंड जुन्या मालकाचे, नंतरचे तुमचे.

एवढं सगळं झालं आणि गाडी पसंत पडली, तरी एक रात्र जाऊ द्या. सकाळी तीच गाडी, तीच किंमत घरातल्या सगळ्यांना पटत असेल तर आगाऊ रक्कम द्या. आणि नव्या आरसीवर स्वतःचं नाव छापून आलेलं पाहिल्यावरच रामेश्वरच्या तयारीला लागा.